गिरीजहून आलो, केळी आणली आहेत

आमचे नाना दुपारी जेवून, शर्ट बदलून, केस विंचरून डेन्मार्कला जातात आणि चहाला परत येतात.

थट्टा नाही करत. ओटीवर लाकडी खुर्ची, खुर्चीसमोर स्टूल, स्टुलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केलेला मोबाइल. एरवी दिवसभर बनियनवर भागवणारा हा माणूस मोबाइलसमोर बसायचं म्हटलं की खुंटीवरचा इस्त्रीचा शर्ट अंगात घालतो. मी लग्न होऊन गिरीजला नवीनच आले होते तेव्हाची गोष्ट. मी विचारलं, "नाना, बाहेर निघालात का?" तर म्हणाले, "हो, जपानला. कोणी आलं तर बसव, चहापर्यंत येतो."

मी तुळिंजची, दाटीवाटीच्या इमारतींतली. आमच्याकडे एखाद्याचं डोकं फिरलं तर तो जिन्यात उभा राहून आरडाओरडा करतो, इस्त्रीचा शर्ट घालून जपानला जात नाही. मी घाबरून नवऱ्याला फोन लावला. तो हसतच सुटला. "अगं, मोबाइलवर बघत बसतात ते. उन्हावर चालणारं काहीतरी असेल जपानचं. तू चहा टाक."

तर हे नाना. माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. नारळ, सुपारी आणि केळीच्या वाडीत सगळा जन्म गेलेला. बोलतात ती वाडीची बोली. ती मला अजून निम्मी कळते आणि निम्मी मी अंदाजाने झेलते, म्हणून त्यांचं बोलणं इथे माझ्या मराठीत सांगतेय. ऊन, वारा, शेण, खरकटं आणि पावसाचं पाणी यांतून काय काय करता येतं, हे जगात ज्याने ज्याने इंटरनेटवर मांडून ठेवलंय, त्याच्याकडे नाना जाऊन आलेले आहेत. 'बघितलं' किंवा 'वाचलं' असं ते कधी म्हणत नाहीत. "जाऊन आलो." बस्स. आणि मग त्या घराबद्दल मत. "माणसं चांगली आहेत." नाहीतर, "नको गं बाई, दारातच दुकान मांडलंय." जाहिराती अंगावर आल्या की ते दुकान. काही ठिकाणी आत शिरायच्या आधी 'मान्य आहे का, मान्य आहे का' असं विचारणारी पाटी येते, तिचा त्यांना भारी राग. "अरे, दारात उभ्या माणसाला आधी पाणी विचार! मान्य काय, मान्य?" पैसे भरल्याशिवाय उघडत नाही ती साइट म्हणजे "कुलूप आहे, गावाला गेलेत."

खरं-खोटं ओळखायची त्यांची स्वतःची रीत आहे. "ज्याने काय बिघडलं ते सांगितलं, तो राहतो त्या घरात. सगळं गोड गोड सांगतो, तो विकायला बसलाय." शेणाच्या गॅसच्या टाकीचं कोणी नुसतं कौतुक सुरू केलं की नाना उठून बाहेर. पण कोल्हापूरकडच्या एका बाईने टाकीला वास का सुटला आणि त्यावरून सासूने तिला काय काय ऐकवलं, ते सगळं व्हिडिओत सांगितलं होतं. तिच्याकडे नाना रोज जायचे. "खरी बाई आहे," म्हणायचे.

माझ्या माहेरच्या इमारतीत ओल्या कचऱ्याचं खत करायचं ठरलं, तेव्हा सेक्रेटरींनी नानांना फोन केला. नाना त्यांना रस्ता सांगत होते. "बंगळूरच्या त्या मंडळींकडे जा. आत गेलात की डाव्या हाताला तीन आडव्या रेघा दिसतील. त्या दाबा, मागच्या अंगणात नेतात. तिथे माझं नाव सांगा." सेक्रेटरी बिचारे अजून मला विचारतात, नाव नेमकं कुठे टाइप करायचं होतं. खत मात्र झालं हो! तुळिंजच्या त्या गच्चीवर आज वांगी लागतात, आणि माझी आई ती शेजारणींना "मनीषाच्या सासरची वांगी" म्हणून वाटते. मी तोंडाने नको नको म्हणते, पण आतून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू?

आता केळ्यांचं. ते सुरू झालं मालतीकाकूंमुळे. काकू म्हणजे नानांची बायको. नाना नुकते असे हिंडायला लागले होते. काकूंनी एकदा दारातून विचारलं, "रोज उठून लोकांच्या घरी जाता, फुकटात विचारून येता. जाताना काही नेता, की हात हलवत जाता?"

वाडीतला माणूस कोणाकडे रिकाम्या हाताने गेला, असं आमच्याकडे होत नाही. फणीभर केळी म्हणा, दोन नारळ म्हणा, पिशवीत काहीतरी असतंच. नानांच्या ते चांगलंच मनाला लागलं. मग काकूच मागे गेल्या, राजेळी केळ्यांची एक फणी कापून आणली, समोर धरली आणि म्हणाल्या, "घ्या, काढा फोटो. हेच न्या."

नानांनी फोटो काढला. फोटोत फणी आहे, फणी धरलेला हात आहे, हातात हिरव्या बांगड्या आहेत. काकूंचा चेहरा नाही, तो वरच्या वर कापला गेलाय. काकूंनी बघितलं आणि भडकल्या. "मी कुठाय?" नाना म्हणाले, "पाहुणचार केळ्यांचा आहे, तुझा नाही." त्यावरून दोघं संध्याकाळपर्यंत भांडत होते.

तेव्हापासून नाना जातील तिथे हा फोटो, आणि खाली एकच मजकूर, शुद्ध मराठीत. "नमस्कार. गिरीजहून आलो. घरची राजेळी केळी आणली आहेत." मग प्रश्न. जिथे फोटो चिकटवता येत नाही तिथे लिहितात, "फणी दाराबाहेर ठेवली आहे, असे समजावे." केरळच्या एका गृहस्थांनी लिहिलं की ही केळी राजेळी नाहीत, आमच्याकडची आहेत. मग काय विचारता! सौर कंदिलाच्या व्हिडिओखाली कितीतरी दिवस नुसती केळ्यांवरून जुंपलेली. शेवटी नानांनी लिहिलं, "आधी खाऊन बघा, मग बोला." फोटो खाऊन बघा!

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात काकू गेल्या. अचानकच गेल्या. नाना बरेच दिवस कुठे गेले नाहीत, शर्ट खुंटीवरच लटकत राहिला. मग एका दुपारी उठले, केस विंचरले आणि गेले. फोटो तोच. मी एकदा म्हटलं, "नाना, एकच फणी किती वर्षं वाटणार? जगात चर्चा होईल. नवा काढू या, झकास येईल." "ती फणी अजून चांगली आहे," म्हणाले आणि विषय संपवला. मीही पुन्हा काढला नाही.

आमच्या वाडीत एक बावखल आहे. माझ्या माहेरच्यांना समजावून सांगावं लागतं, म्हणून सांगते. बावखल म्हणजे वाडीत खणलेलं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, हळूहळू जमिनीत मुरतं, म्हणून समुद्र इतका जवळ असूनही आमच्या विहिरी गोड राहिल्यात. काठाला वाकलेले नारळ, पाण्यावर शेवाळ, कडेला एखादा बगळा. पण माझ्या सासऱ्यांना, त्यांना सगळे भाऊ म्हणतात, तिथे बगळा दिसत नाही, गाड्या दिसतात. शेजारच्या वाडीत लग्नाचं लॉन झालंय आणि त्यांना पार्किंगला जागा हवीय. "डास, गाळ आणि बेडूक, यापलीकडे काय पिकतं त्यात?" भाऊ म्हणायचे. "भरून टाकू. जागा फुकट गेलीय." शिवाय विहिरीवरचा पंप विजेवरचा. जरा वारा सुटला की वीज गेली, आणि वीज गेली की वाडीचं टोक कोरडं.

जमीन दोघा भावांची. नाना भांडले नाहीत. भाऊंना एवढंच म्हणाले, "वसंता, मला जरा हिंडून येऊ दे." म्हणजे काय, ते घरात सगळ्यांना कळलं. भाऊंनी कपाळावर हात मारून घेतला आणि अट घातली. "होळीपर्यंत. विजेशिवाय बावखलाचं पाणी वाडीच्या शेवटच्या केळीपर्यंत पोचवून दाखव. पोचलं तर पुन्हा विषय काढणार नाही. नाही पोचलं तर डंपर बोलावतो."

शेवटची केळ म्हणजे मागच्या कुंपणाजवळची राजेळी. काकूंचं माहेर वटार. तिथून मुनवा, म्हणजे केळीचा कोंब, आणून त्यांनी तो मुद्दाम रस्त्याच्या कडेला लावला होता, माहेरच्या माणसांना जाता-येता दिसावा म्हणून. केळ एकदाच लोंगर देते आणि संपते, पण तोवर बुंध्याशी नवा मुनवा उभा राहिलेला असतो. तसं ते बेट चालत आलंय. आमच्या वाडीत आता राजेळी तेवढीच. पाणी कमी पडलं की पहिली तीच माना टाकते. भाऊ आपले टोक म्हणून बोलून गेले, त्यांच्या मनात काही नव्हतं. पण नानांचा चेहरा मी बघितला होता.

मग जे हिंडणं सुरू झालं! सकाळी इस्राएल, दुपारी ब्राझील. इस्त्रीचे शर्ट दोन झाले. उन्हावरचा पंप घ्यायचा हे लगेच ठरलं. नानांनी पॅनेल आणलं, घराच्या कौलांवर चढवलं, आणि दुसऱ्याच दिवशी त्यावर नारळ पडला.

"अख्खं जग हिंडलास," भाऊ म्हणाले, "आणि नारळ वरून पडतो हे विसरलास?"

"डेन्मार्कला नारळ नाहीत," नाना म्हणाले. "त्यांनी तसं काही लिहिलं नव्हतं."

मग दुसरं पॅनेल आलं. नाना ते दोन्ही हातांत धरून वाडीभर ऊन शोधत फिरायला लागले. वाडी म्हणजे सगळी सावली हो! इथे नारळाची, तिथे सुपारीची, खाली केळीची. फिरता फिरता बावखलाच्या काठावर आले आणि थांबले. मी धुणं वाळत घालत होते. मला हाक मारली, "मनीषा, इकडे ये. वर बघ."

वर आभाळ होतं. एवढं मोकळं आभाळ सबंध वाडीत फक्त तिथेच होतं, पाण्यावर.

"वसंता म्हणतो इथे काही पिकत नाही," नाना म्हणाले. "अगं, वाडीतलं सगळं ऊन इथे पिकतंय!"

इतकी वर्षं आम्ही सगळेच त्या काठावरून जात-येत होतो, आणि मान वर करून बघितलं ते या शर्टवाल्या प्रवाशाने.

त्याच दुपारी नाना डेन्मार्कला गेले. तिथे येन्स नावाचे एक म्हातारे आहेत. तळ्यावर पॅनेल तरंगवून पंप चालवतात आणि काय काय बिघडलं ते सगळं लिहून ठेवतात, म्हणजे नानांच्या मापाने एकदम खरा माणूस. नानांनी केळी दिली, प्रश्न विचारला, मोबाइलने भाषांतर केलं. काही दिवसांनी उत्तर आलं, आणि उत्तराबरोबर फोटो. बशीत ठेवलेली लाल सफरचंदं. "केळ्यांबद्दल आभार. ही आमच्या झाडाची."

नानांनी तो फोटो अख्ख्या आळीला दाखवला. "बघा, डबा रिकामा परत नाही पाठवला! मी म्हणत नव्हतो, माणसं चांगली आहेत?" भाऊसुद्धा चष्मा लावून बघून गेले. म्हणाले, "सफरचंदं बारीक आहेत."

येन्सनी लिहिलं होतं, तराफा पक्का करा. नाना हसले. तराफा त्यांना कोण शिकवणार? लहानपणी दोघे भाऊ केळीचे खांब एकत्र बांधून याच बावखलात तरंगायचे. खांब वाडीत फुकट पडलेले. नानांनी ते बांधले, वर पॅनेल बसवलं आणि पाण्यात सोडलं. मखरात गणपती बसवावा तसं देखणं दिसत होतं. त्याचा फोटो डेन्मार्कला गेला. येन्सचं उत्तर आलं, "फार सुंदर. एक विचारतो, तुमचा तराफा ही भाजी आहे का?"

भाजीच होती. केळीचा खांब कुजायला कितीसा वेळ लागतो? एका सकाळी पॅनेल एका अंगाने पाण्यात गेलेलं आणि वर राहिलेल्या कोपऱ्यावर बेडूक बसलेला. भाऊ काठावर उभे राहून म्हणाले, "दादा, होळी जवळ आलीय." टोकाला राजेळीची पानं पिवळी पडायला लागली होती.

त्या दुपारी नाना शर्ट घालून बसले, पण मोबाइल बंदच. चहा निवून गेला. मी म्हटलं, "येन्सना सांगा ना, बुडालं म्हणून."

"कुठल्या तोंडाने सांगू?"

मला असा राग आला! "का? काय बिघडलं ते सांगतो तोच खरा, हे कोण म्हणतं? दुनियेला लावायचं माप स्वतःला नको होय?" चुलत सासऱ्यांसमोर तोंड सुटलं माझं. नानांनी मोबाइल उचलला आणि सगळं लिहिलं, नारळापासून बेडकापर्यंत. खाली फणी.

या वेळी येन्सनी तराफ्याचं चित्रच काढून पाठवलं. निळे प्लास्टिकचे ड्रम घ्या, नटबोल्ट स्टेनलेसचे घ्या, खारी हवा बाकी सगळं खाते. दोर सैल ठेवा, पाणी खाली उतरेल. नानांनी अक्षर न् अक्षर पाळलं.

होळीच्या आदल्या सकाळी परीक्षा. भाऊ खुर्ची घेऊन वाडीच्या टोकाला राजेळीसमोर जाऊन बसले, पेपर उघडून, पंचासारखे. नाना बावखलावर. आणि मी पाटाच्या कडेने, पाण्याबरोबर चालायला.

ऊन पॅनेलवर आलं, पंप गुरगुरला, पाणी पाटात उतरलं. सुकी पानं ढकलत, मुंग्यांना पळवत निघालं. नारळ ओलांडले, सुपारी ओलांडली, मी आनंदाने ओरडणार, तोच राजेळीच्या अलीकडे पाणी पुढे सरेना. घुशीचं बीळ! सगळं पाणी त्यात चाललेलं. तेवढ्यात ऊन ढगाआड गेलं आणि पंपाचा आवाज बसला. "नाना, फावडं!" मी ओरडले, पण नाना पार पलीकडच्या टोकाला. मी दोन्ही हातांनी माती लोटतेय आणि माती वाहून जातेय. डोळ्यांसमोर डंपर दिसायला लागला.

आणि भाऊ उठले. खुर्ची मागे उलटली. हातातला पेपर, न वाचलेल्या पानांसकट, बोळा करून त्यांनी बिळात कोंबला आणि वर पाय रोवून उभे राहिले. पांढरा लेंगा चिखलात. मी बघतच राहिले.

"पाणी वाया घालवू नये," माझ्याकडे न बघता म्हणाले. "तू बघतेस काय? माती टाक."

ऊन परत आलं. पंपाने पुन्हा जोर धरला. पाणी भाऊंच्या पायाला वळसा घालून पुढे गेलं आणि राजेळीच्या आळ्यात उतरलं. भाऊंनी बराच वेळ पाय हलवला नाही. मग बावखलाकडे तोंड करून ओरडले, "दादा! पोचलं रे!"

नाना आले. त्या वयात जेवढं धावता येतं तेवढं धावत आले. वाकून आळ्यातल्या पाण्यात हात घातला आणि तसेच बसून राहिले. भाऊ म्हणाले, "वहिनीची केळ आहे. आधी ही भरू दे, मग वळव पाट." पार्किंगचं नाव त्यानंतर घरात कोणी काढलेलं नाही. उलट आता कोणी बावखल बघायला आलं की भाऊच पुढे होऊन "वर बघा, वर" म्हणून आभाळ दाखवतात, जसं काही यांनीच शोधलंय.

त्या दुपारी नाना मला म्हणाले, "चल, आज तूही डेन्मार्कला चल. आधी केस नीट कर." मी केस विंचरून, साडीचा पदर सारखा करून शेजारी बसले. काय करणार, मीही आता याच घरची! नानांनी पाणी पोचल्याची बातमी लिहिली, बिळाची आणि पेपरचीसुद्धा लिहिली. येन्सचं उत्तर लगेच आलं. नानांचा चष्मा आत राहिला होता, म्हणून मीच वाचून दाखवलं. तोंडभर अभिनंदन होतं, भाऊंच्या पायाचंही होतं. आणि शेवटी लिहिलं होतं, "तुम्ही नेहमी केळी आणता. ती ज्यांनी हातात धरली आहेत, त्यांना आम्ही कधी पाहिलं नाही. माझी बायको विचारते, त्या कशा आहेत? त्यांना आमचा नमस्कार सांगा."

नाना तांब्याकडे बघत होते.

"चेहरा राहिला गं," हळूच म्हणाले. "ती म्हणाली होती, मी कुठाय म्हणून. तेव्हाच दुसरा काढायला हवा होता."

मी म्हटलं, "राहू द्या नाना, मी लिहिते काहीतरी."

"काहीतरी नको. मानाने विचारलंय त्यांनी." नानांनी गळ्याचं बटण लावलं, ताठ बसले. "लिही. ती वाडीच्या टोकाला असते, माहेरच्या रस्त्याकडे तोंड करून. आज तिच्यापर्यंत पाणी पोचलं."

मी तसंच लिहिलं आणि खाली फणी चिकटवली.